जज्जसाहेबांच्या छातीचं माप

छातीचं माप घेण्याची शिंप्याची रीत ठरलेली होती. टेप गुंडाळायची, गिऱ्हाइकाला श्वास भरून घ्यायला सांगायचं, मग सोडायला सांगायचं, आणि दोहोंतल्या फरकाइतका कोट सैल ठेवायचा. जन्मभर ही रीत त्याने मोडली नाही. त्या दुपारी जज्जसाहेबांचं माप घेतानाही मोडली नाही. साहेब सकाळीच वारले होते, एवढाच काय तो फरक.

जुने कोट घट्ट झालेले, तेव्हा शेवटच्या प्रवासाला साहेबांना नवा काळा कोट हवा, असा बाईसाहेबांचा हट्ट होता. न्यायला गाडी थोड्याच वेळात यायची होती. निरोप आला तेव्हा शिंपी जेवत होता. रानातलं आपल्याला सगळं कळतं असं सांगत फिरणाऱ्या त्याच्या मेहुण्याने अळंबी आणून शिजवली होती. शिंप्याने ताट चाटूनपुसून साफ केलं. मेहुण्याला नेमकी त्याच दिवशी भूक नव्हती.

वाटेतच शिंप्याला जांभयांवर जांभया येऊ लागल्या. हात गार पडले. साहेबांचं फाटक उघडण्यात अख्खा उन्हाळा गेला असं त्याला वाटलं. आत भिंतीवरची वेलबुट्टी संथपणे वर चढत होती आणि टेपवरचे आकडे मुंग्यांसारखे रांगेने निघाले होते. हात मात्र सवयीने चालले.

"साहेब, श्वास घ्या," तो अदबीने म्हणाला. साहेबांनी घेतला.

"सोडा." साहेबांनी सोडला. चांगला दोन बोटं फरक पडला.

शिंप्याने माप मोठ्याने सांगितलं, आणि ते कसं काढलं तेही सांगितलं. साहेबांच्या मुलाने दातओठ खात त्याला थट्टेची ही वेळ नाही असं बजावलं.

"थट्टा कसली, दादा?" शिंपी म्हणाला. "पाठ जरा ताठ धरायला सांगा त्यांना."

बाईसाहेबांनी गाडी थांबवली. मुलाने परोपरीने समजावलं, माणसं खोळंबलीत, खड्डा खणून तयार आहे. पण डॉक्टर येऊन बघेपर्यंत साहेबांना हलवायचं नाही, यावरून त्या हटल्या नाहीत. डॉक्टर कुणाच्या बाळंतपणाला लांब गेलेले. तोवर बातमी फाटकाबाहेर पडली. 'साहेब श्वास घेताहेत' इथून निघून 'साहेबांनी चहा मागितला' इथवर ती पोचली. साहेबांनी ज्याला एकदा तुरुंगात धाडलं होतं, तो न्हावी आतून कडी लावून बसला.

शिंपी तिथेच बसून शिवत होता. दोघांची अंगकाठी सारखी, म्हणून कोट स्वतःच्याच अंगावर चढवून बघत होता. बाह्या लांबत लांबत दाराबाहेर गेल्या तेव्हा तो मटकन खाली बसला. मुलाने त्याला आहे तसा बाजूच्या पलंगावर आडवा केला. एवढ्यात साहेबांची आतेबहीण आली. तिला दिसायचं बेताचं. ती काळ्या कोटाच्या पायाशी बसली आणि भावाचे गुण आठवून आठवून रडली. शिंप्याला त्यातलं अक्षर न् अक्षर पटलं. तोही हुंदके देऊ लागला. आतेबहीण उठली ती थेट अंगणात.

डॉक्टरांनी साहेबांना क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. शिंप्याला मात्र बराच वेळ पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या बटणांएवढ्या, नाडी धावत सुटलेली. काय खाल्लं होतं, ते त्यांनी विचारून घेतलं. मेहुण्याला बोलावणं गेलं, पण तो गाव सोडून गेला होता.

ऊन उतरलं तशी भिंत पुन्हा भिंत झाली. कोट केव्हाच साहेबांच्या अंगावर गेला होता आणि आतली छाती लाकडासारखी निश्चल होती. शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उशाशी बाईसाहेब एकट्याच होत्या. त्याने हात जोडले.

"मी तुम्हाला खोटी आशा लावली, बाईसाहेब. हे पाप कुठे फेडू?"

"आशा कुठली, मास्तर?" कॉलरवरचा दोरा काढत त्या म्हणाल्या. "तुम्ही सोडा म्हणालात आणि यांनी सोडला, म्हटल्यावर मी काय ते समजले. जन्मात कुणाचं ऐकलं नाही या माणसाने."

मग गाडी का थांबवलीत, असं शिंप्याने चाचरत विचारलं.

"तेवढीच एक दुपार हे घरात राहिले," बाईसाहेब म्हणाल्या. "आता बोलवा गाडी."