वीस बांबूंसाठी एक पत्र

एका जंगलात, मुलांनो, गोदूताई नावाची एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेलं. आता कुठल्या जंगलात ते विचारू नका. जिथं पत्र पाठवून मदत मागता येते, अशा कुठल्याही जंगलात.

गोदूताई लंगड्यापांगळ्या आणि म्हाताऱ्या प्राण्यांचा आश्रम चालवायची. तिथं ठमी नावाची लंगडी सशीण होती, एका डोळ्यानं अधू असलेलं भेकर होतं, दमेकरी वानर होतं आणि असेच आणखी बरेच जण होते. सगळ्यांचं बरं चाललं होतं. पण त्या वर्षी वाळवीनं कुंपण पोखरलं आणि ते आडवं झालं.

नाल्यापलीकडं तरस राहायचा. गोदूताई काटे फुलवून दारात बसायची, म्हणून तो नाला ओलांडत नव्हता. पण ती बिचारी किती दिवस बसणार? ठमीची काळजी तिला आतून खात होती.

शेवटी तिनं पळसाच्या पानांवर जांभळाच्या रसानं पत्रं लिहिली. 'स. न. वि. वि. आश्रमाचं कुंपण पडलं आहे. वीस बांबू हवेत. कळावे, लोभ असावा.'

हत्तीनं पत्र कानामागं ठेवलं आणि तो विसरून गेला. गव्यानं ते खाल्लं. रानडुकरानं मात्र तत्परतेनं उत्तर पाठवलं, 'अक्षर छान आहे.'

"पत्र साफ चुकलंय तुमचं," रंगनाथपंत सरडे म्हणाले. हे पंत म्हणजे पत्रलेखनातले तज्ज्ञ. ज्याच्याशी बोलतील त्याच्या रंगाचे व्हायचे, त्यामुळं सगळ्यांना ते आपलेच वाटायचे.

"काय चुकलं? कुंपण खरंच पडलंय."

"अहो, कुंपणासाठी कुणाला रडू येतं का? आणि एवढ्या सगळ्यांचं दुःख वाचायला वेळ कुणाला आहे? एकच प्राणी घ्या. ठमीला घ्या."

"ठमी मजेत आहे. सकाळीच दोन मुळे खाल्ले तिनं."

"मुळ्यांचं नाव काढू नका," पंत घाईघाईनं म्हणाले.

मग पंतांनी सांगितलं आणि गोदूताईनं लिहून घेतलं. 'प्रिय अमुक अमुक, तुम्ही हे वाचत असताना ठमी थरथरते आहे. तिला पळता येत नाही. ती आणि संकट यांच्यामध्ये कुंपण नाही. आता तिची सगळी आशा तुमच्यावर आहे. ता. क. नाला ओलांडला की उजव्या हाताला तिसरं आंब्याचं झाड. आजच या. उद्या फार उशीर झालेला असेल.'

"सगळे आधी स्वतःचं नाव वाचतात आणि मग थेट ता. क.," पंत म्हणाले. "मधलं कुणी वाचत नाही. पण ते नसलं तर चुकल्यासारखं वाटतं."

ठमीनं पत्र वाचलं आणि तिला हुंदकाच फुटला. "किती सोसते हो बिचारी!" असं म्हणून तिनं आपल्या वाटचा मुळा मदत म्हणून पुढं केला.

"आता एक भेटवस्तू," पंत म्हणाले. "ज्या काट्यानं पत्र लिहाल, तोच काटा सोबत पाठवा. फुकटची वस्तू हातात आली की प्राण्याला लाज वाटते. लाज वाटली की तो देतो."

गोदूताईनं एक काटा उपटला, पत्र लिहिलं, दोन्ही कावळ्याकडं दिलं. मग दुसरा उपटला. जंगलातल्या सगळ्यांची यादी पंतांनी वर्णानुक्रमानं करून दिली होती. कुणालाही वगळायचं नाही, असं बजावलं होतं. टिटवी झाली, डोमकावळा झाला, तरस झाला, धनेश झाला. हात भरून आला होता. नावाकडं ती बघतही नव्हती. तुमच्या लक्षात आलं ना? तिच्या नाही आलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तरस दारात उभा राहिला. त्याच्या तोंडात पळसाचं पान होतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

"ताई," पान खाली ठेवून तो म्हणाला, "जन्मात मला कुणी 'प्रिय' म्हटलं नव्हतं. ता. क. तर पाठच झालंय माझं. ठमी कुठंय?"

गोदूताईनं सवयीनं काटे फुलवले. फुलायला काही नव्हतंच. कानामागं दोनच काटे राहिले होते. ती मनापासून घाबरली.

"ठमे, पळ!" ती ओरडली.

आणि काय सांगू मुलांनो, ठमी चारही पायांवर पळाली! दमेकरी वानर एका दमात झाडाच्या शेंड्यावर पोचलं. एका डोळ्याच्या भेकराला टेकडीपलीकडची वाट बरोब्बर दिसली. आश्रमात एका दिवसात इतके जण कधीच बरे झाले नव्हते.

तरस तोंड वासून बघत राहिला. "म्हणजे लंगडी नव्हतीच ती?" तो चिडून म्हणाला. "ताई, ही दात्याची शुद्ध फसवणूक आहे!"

गोदूताई तोवर बिळात शिरली होती. तरस संध्याकाळपर्यंत बिळाच्या तोंडाशी बसला आणि तक्रार करीन म्हणत निघून गेला.

पत्राचा गुण मात्र मानायला हवा. सकाळी हत्ती आला, गवे आले, रानडुकरं आली. वीस मागितले होते, दोनशे बांबू आले. दुपारपर्यंत असं कुंपण उभं राहिलं की मुंगीला वाट मिळू नये. ठमीनं टेकडीवरूनच निरोप पाठवला, 'मला पळता येतं हे मलाच माहीत नव्हतं. आता कुंपणात येत नाही.' बाकीचेही परतले नाहीत.

कुंपणाच्या आत गोदूताई एकटी बसली होती. उघड्याबोडक्या अंगानं ती थरथरत होती, आणि तिला ठमीची आठवण येत होती.

रंगनाथपंत आले, तिला पाहिलं आणि जागच्या जागी थबकले.

"ताई, हलू नका! अगदी अश्शाच बसा."

"पंत, या वेळी मला खरंच मदत हवी आहे हो," गोदूताई रडत म्हणाली.

"ते बघू नंतर," पंत पळसाचं पान मांडीवर घेत म्हणाले. "आधी लिहायला एक काटा द्या."

तात्पर्य : मदतीच्या पत्रात दुःख कितीही वाढवून लिहावं. फक्त पत्ता खरा देऊ नये.