अपेक्षाचा पाचवा पिक्चर

फोटो बघितल्याबरोबर हिंमतरावांनी पेढे आणायला माणूस पिटाळला. फोटोत त्यांची लेक अपेक्षा फौजदाराच्या वर्दीत उभी होती, कमरेला पिस्तूल आणि डोळ्यांवर काळा चष्मा. अपेक्षा मुंबईत सिनेमात कामं करते हे साऱ्या अमडापूरला ठाऊक होतं, हिंमतरावांना तर होतंच. पण शेजारच्या गोकुळने मोबाइलवर फोटो दाखवला, की ठाऊक असलेलं सगळं डोक्यातून जाई. अर्ध्या गावाचं तोंड गोड झाल्यावर अपेक्षाचा फोन आला, की बाबा, तो पिक्चर आहे. उरलेले पेढे हिंमतरावांनी घरातच संपवले.

त्या वर्षी पोरीचं नशीब जोरावर होतं. पिक्चरमागून पिक्चर मिळत गेले आणि एकासारखा दुसरा नाही. पावसाळ्यात तिच्या हातात बेड्या पडल्या. हिंमतराव सोयाबीनची फवारणी अर्धी टाकून जीपने चिखलीला वकिलाकडे जाऊन आले. दसऱ्याच्या सुमाराला ती पांढऱ्या लुगड्यात, मोकळ्या कपाळाने दिसली.

"लग्न नाही झालं अन् विधवा कशी झाली व माय?" हिंमतरावांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"म्हंजे लपून केलं," हिंमतराव म्हणाले. न पाहिलेल्या जावयावर ते आधी भडकले, मग तो आता जिवंत नाही हे आठवून थोडे हळहळले. दिवाळीत अपेक्षा पोटुशी निघाली. निदान त्या बिचाऱ्याचा वंश तरी राहिला, म्हणून रुख्मिणीबाईंनी डबाभर डिंकाचे लाडू एसटीने रवाना केले.

ते लाडू कुलदीपने खाल्ले. कुलदीप म्हणजे शूटिंगच्या वेळी लांब काठीला माईक बांधून नटनट्यांच्या डोक्यावर धरणारा पोरगा. गाव रोहिणखेड, म्हणजे आपल्याकडचाच, आणि स्वभावाने गरीब गाय. लाडू खाता खाता त्याने अपेक्षाला मागणी घातली आणि ती हो म्हणाली.

"काठी धरते?" हिंमतराव कडाडले. "काठी तं आपल्या गुराख्याजवळ बी हाय. फौजदारीण झालेली माही पोरगी, अन् जावई काठीवाला?" तेवढ्यावर न थांबता ते पारावर गेले आणि चारचौघांत बोलून बसले, "त्या लग्नात पाय ठेवला तं नावाचा हिंमतराव नाही."

शब्द गेला तो गेला. दोन दिवसांनी राग उतरला, पण शब्द काही परत येईना. इकडे अपेक्षा फोनवर रडत होती. "बाबा नसतील तर मी लग्नाला उभीच राहणार नाही, आई." हिंमतराव पलीकडच्या खोलीत बसून स्पीकरवरचं ते सगळं ऐकत आणि उगाच खोकत.

रुख्मिणीबाई दोन दिवस विचार करत राहिल्या. ज्या माणसाला वर्षभर खोटं खरं वाटलं, त्याला एकदा खरं खोटं वाटायला काय हरकत आहे?

"काहो," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अपेक्षाचा पाचवा पिक्चर हाय. शूटिंग चिखलीले, कार्यालयात. नवरीच्या बापाचं काम करनारा आजारी पडला. तुमाले बलावून राह्यली."

हिंमतरावांनी घास खाली ठेवला. "नवरदेव कोन?"

"कुलदीप. त्याईच्याइथं मानसं कमी हायेत म्हंते."

"हं. अन् या पिक्चरमधल्या बापाचं नाव काय?"

एवढा विचार रुख्मिणीबाईंनी केला नव्हता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरवर त्र्यंबकेश्वराचं देऊळ होतं. "त्र्यंबकराव," त्या म्हणाल्या.

"पक्कं? हिंमतराव नाही ना?"

"नाही, नाही."

"मंग येतो," हिंमतराव म्हणाले आणि दुपारीच फेटा धुवायला टाकला.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात शिरल्या शिरल्या त्यांनी सगळा ताबा घेतला. कुलदीप पाया पडला. "कॅमेरावाले, हे बरोबर आलं नसन. परत घ्या." कुलदीप परत वाकला. "अजून खाली. नवरदेव हायेस, विजेचा खांब नाही." तिसऱ्या खेपेला कुलदीपचा फेटाच सुटून पडला. कॅमेरावाला म्हणजे लग्नांचं शूटिंग करणारा साधा माणूस, नवरीच्या बापाला नाही कसं म्हणणार? तो मान डोलवत राहिला.

तेवढ्यात अमडापूरच्या जीपा भरून आल्या.

"एवढे लोक काऊन?"

"गर्दीचा सीन हाय," रुख्मिणीबाई घाईने म्हणाल्या.

"अन् गोकुळ?"

"तो बी गर्दीतच."

आलूपोह्यांच्या बशा फिरल्या. हिंमतरावांनी बशी परत पाठवली. म्हणे शूटिंगमध्ये मिशीला तेल लागतं. रुख्मिणीबाईंनीही पाठवली, म्हणे दाढ दुखते. कन्यादानाला गुरुजींनी वधूपित्याचं नाव आणि गोत्र विचारलं, तेव्हा रुख्मिणीबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. हिंमतराव गुरुजींच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. गुरुजींनी मान हलवली आणि मंत्र पुढे सुरू झाले.

पाठवणीला मात्र हिंमतरावांनी कहर केला. लेकीला जवळ घेऊन ते असे हमसून रडले, की कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली ठेवून स्वतःचे डोळे पुसले.

"बाबा, कॅमेरा बंद झाला," अपेक्षा हुंदके देत म्हणाली.

"होऊ दे," हिंमतराव म्हणाले आणि रडत राहिले.

गाडी गेल्यावर रुख्मिणीबाई त्यांच्यासाठी ताट घेऊन आल्या.

"तुह्य ताट?"

"माही दाढ दुखते ना."

"सोड व आता. कन्यादान झालं. दोघाचा बी उपास सुटला. बस जेवाले."

रुख्मिणीबाई ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कन्यादान होईपर्यंत नवरीच्या आईबापांनी तोंडात काही घालायचं नसतं; पण शूटिंगसाठी कोणी उपाशी राहत नाही.

"तुमाले ठाऊक होतं? कवापासून?"

"तू कॅलेंडर पाहून नाव सांगितलं, तवापासून."

"मंग त्या लेकराले तीन-तीनदा वाकवलं काऊन?"

"लाडू खाल्ले ना त्यानं सारे," हिंमतराव म्हणाले. ताटातली बुंदी त्यांनी अर्धी बायकोकडे सरकवली आणि दाराबाहेरच्या अमडापूरकरांकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "अन् हे पाह्य, गावात कोनी ईचारलं तं सांगजो, हिंमतराव घरीच होता. लग्नाले त्र्यंबकराव आलता."