ए चोरा, खाली ठेव!

“अख्ख्या बर्नलीतले चोर येऊ देत! माझ्या गाडीखालचा डबा कुणी काढून दाखवला, तर मी नाव बदलीन!”

सेड्रिक टॅटरसॉलने हे वाक्य त्या महिन्यात कुणाकुणाला ऐकवलं नाही! खाटकाला ऐकवलं, पाद्रीबाबांना ऐकवलं, आणि दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात त्यांची हत्यारं असताना ऐकवलं. डॉक्टरांना त्यातलं “बर्नली” एवढंच कळलं.

डबा म्हणजे गाडीच्या पोटाखाली धूर गाळायला बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत कसले तरी महागडे धातू असतात म्हणे, त्यामुळे चोरांचा त्याच्यावर डोळा. भर दिवसा अंगावर चमकणारी पिवळी जाकिटं घालून येतात, जॅकने गाडी उचलतात, करवतीने नळी कापतात, आणि मालक खिडकीतून बघतोय तोवर डबा घेऊन पसार! अल्मा टेरेस या आमच्या गल्लीत असे दोन-तीन डबे गेले, तेव्हापासून सेड्रिकची झोप उडाली. गाडी त्याचा जीव की प्राण. रविवारी तिला तो असा पुसायचा, की त्याची बायको बेरिल म्हणायची, “एकदा माझ्या चष्म्यावरूनही फडकं फिरव की!”

तर सेड्रिकने बंदोबस्त केला. पुढच्या चाकाला पिवळा लोखंडी जबडा लावला. गाडीची दोन चाकं फुटपाथवर चढवून ती दिव्याच्या खांबाला अगदी खेटून उभी केली, म्हणजे एका बाजूने खाली शिरायलाच नको. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे बोलता भोंगा! गाडीला नुसता धक्का लागला की भोंग्यातून माणसाचा आवाज येणार. माणूस कोण? अर्थात सेड्रिक! निवृत्त होईपर्यंत तो बस स्थानकात घोषणा करायचा. त्याने “मँचेस्टर!” म्हटलं की ब्लॅकपूलला निघालेली माणसंसुद्धा दचकून मँचेस्टरच्या बसकडे धावायची.

“ऐक हं,” तो बेरिलला म्हणाला आणि बटण दाबलं.

“ए चोरा! मी बघतोय तुला! उचललंयस ते आहे तिथे खाली ठेव! एका म्हाताऱ्या माणसाला लुटतोस, लाज नाही वाटत? कुठे पळशील? सगळी गल्ली बघतेय तुला!”

कपाटातल्या बश्या वाजल्या.

“जरा जास्तच झालं नाही?” बेरिल म्हणाली.

“चोराला काय गुदगुल्या करायच्यात?”

आता एक अडचण होती. तो दिव्याचा खांब सेड्रिकच्या घरासमोर नव्हता. तो होता समोरच्या ओळीत, विल्फ हॉवर्थच्या दारापुढे. विल्फ म्हणजे सेड्रिकचा जुना दोस्त. दोघं मैदानावर बोलिंग, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायचा खेळ, खेळायचे, आणि गाडी दारात असल्याबद्दल विल्फने कधी तक्रार केली नाही. पण त्या आठवड्यात विल्फ गेला. बागेत गुलाब छाटता छाटता खुर्चीत बसला, तो उठलाच नाही.

विल्फची बायको मुरिएल स्वतः सेड्रिककडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

“सेड्रिक, गुरुवारी विल्फला नेणार आहेत. तू खांदा देशील ना?”

“हे काय विचारणं झालं?” सेड्रिकने तिचे दोन्ही हात धरले.

“आणि तेवढी गाडी हलवशील? शववाहिका दारापर्यंत यायला हवी. विल्फला फार लांब फिरवायला नको.”

“हलवतो म्हणजे काय! तू काळजीच करू नकोस.”

आणि बुधवारपर्यंत त्याच्या मनात खरोखरच गाडी हलवायची होती, हे इथे सांगितलं पाहिजे. पण गुरुवारी सकाळी तो खिडकीशी आला आणि बघतो तर काय, गल्लीत पाहुण्यांच्या गाड्याच गाड्या! आपण खांबाखालची जागा सोडली, की विल्फचा कुणी तरी चुलतभाऊ तिथे घुसणार, मग रात्री आपली गाडी अंधारात, कोपऱ्यावर, चोरांच्या स्वाधीन! त्याने डोळे बारीक करून अंदाज घेतला. गाडी आणि मुरिएलच्या बागेची भिंत यांच्यामध्ये वाट होती. माणसं अंग तिरकं करून जाऊ शकतील.

“बेरिल, मावते शवपेटी.”

“तू शब्द दिलायस.”

“अगं, दोन मिनिटांचं तर काम! विल्फची काही हरकत नसती.”

विल्फला विचारायची आता सोय नव्हती.

अंत्यविधीची सगळी व्यवस्था मिसेस क्लेग यांच्याकडे होती. उंच काळी टोपी, हातात छडी, आणि चेहरा असा, की समोर ज्वालामुखी फुटला तरी “कृपया एका बाजूने” एवढंच म्हणतील. त्यांनी शववाहिका सेड्रिकच्या गाडीमागे रस्त्यात थांबवली. त्या गाडीकडे पाहिलं, मग खांदेकऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या सेड्रिककडे पाहिलं. सेड्रिक आपल्या बुटांची टोकं न्याहाळायला लागला.

पेटी खांद्यावर आली. पुढे उजवीकडे सेड्रिक, डावीकडे विल्फचा थोरला भाऊ आर्नल्ड. आर्नल्डला कानातलं यंत्र असूनही फार कमी ऐकू येई आणि जे येई त्याचं तो तत्काळ पालन करी, कारण उमेदीची वर्षं त्याने सैन्यात काढली होती. दारात मुरिएल आणि तिची बहीण आयव्ही. फुटपाथवर काळ्या कपड्यांत सगळी गल्ली, टोप्या हातात, माना खाली. इतकी शांतता, की बुटांखालची वाळू करकरलेली ऐकू यावी.

वाट अरुंद होती. सेड्रिकने पोट आत घेतलं. पण पोटच ते, किती आत जाणार? त्याची कंबर गाडीच्या आरशाला लागली.

“ए चोरा!”

गल्लीतली कबुतरं उडाली.

“मी बघतोय तुला! उचललंयस ते आहे तिथे खाली ठेव!”

आर्नल्डला कित्येक वर्षांत प्रथमच शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला. “जी, साहेब!” म्हणत तो गुडघ्यांत वाकला.

“आर्नल्ड, नको!” सेड्रिक किंचाळला.

पण पेटी कलली होती. मागचे खांदेकरी “अरे, अरे!” करत पुढे ढकलले गेले, पुढचे भिंतीला आपटले, आणि विल्फची पेटी गुलाबांच्या पुष्पचक्रासकट धप्पकन सेड्रिकच्या गाडीच्या बॉनेटवर टेकली. गाडीला एवढा मोठा धक्का तर भोंग्याने स्वप्नातही पाहिला नव्हता!

“एका म्हाताऱ्या माणसाला लुटतोस, लाज नाही वाटत?”

पाद्रीबाबांनी आकाशाकडे पाहिलं.

“कुठे पळशील? सगळी गल्ली बघतेय तुला!”

आणि गल्ली खरोखरच बघत होती! पेटीवर हात ठेवून उभ्या असलेल्या सेड्रिककडे, कारण तो आवाज कुणाचा आहे हे बर्नलीत बसने कधीही प्रवास केलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“बंद कर ते!” मागून कुणी तरी ओरडलं.

“रिमोट दुसऱ्या कोटात आहे!”

“मग गाडी पुढे घे!”

“चाकाला कुलूप आहे! किल्लीपण त्याच कोटात!”

बेरिल स्कर्ट सावरत घराकडे धावली. तिने तिथूनच, दारात उभं राहून, नेम धरून रिमोट दाबला. चुकीचं बटण. आवाज दुप्पट झाला.

“ए चोरा!”

“जी!” आर्नल्ड म्हणाला.

शेवटी सेड्रिकने आपली जागा मिसेस क्लेग यांना दिली. त्यांनी छडी काखेत मारून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता पेटीला खांदा लावला. सेड्रिक अंत्यविधीच्या काळ्या सुटात फुटपाथवर पालथा झाला, गाडीखाली शिरला आणि हाताला लागतील त्या वायरी ओढून काढल्या. “सगळी गल्ली ब…” एवढ्यावर भोंग्याने प्राण सोडला.

तो बाहेर आला तेव्हा कोपरांना तेल लागलेलं, गुडघा फाटलेला. पेटी शववाहिकेत पोचली होती. मुरिएल त्याच्या शेजारून गेली. थांबली नाही, रागावली नाही. त्यापेक्षा तिने छत्री हाणली असती तर बरं झालं असतं.

दहनगृहात सेड्रिक अगदी शेवटच्या बाकावर, खांबाआड बसला. प्रार्थनेच्या वेळी त्याने ओठसुद्धा हलवले नाहीत. आपला आवाज आता परत कुणाला ऐकू जाऊच नये असं त्याला वाटत होतं. विल्फ किती शांत माणूस! आणि त्याच्या शेवटच्या वाटेवर आपण त्याला काय ऐकवलं? तेही एका दिव्याच्या खांबापायी! कान इतके तापले होते, की त्यांच्यावर अंडं तळलं असतं.

परत आल्यावर मुरिएलच्या घरी चहा, हॅमची सँडविचेस आणि फ्रूटकेक होता. सेड्रिक बशी घेऊन दाराच्या कोपऱ्यात उभा राहिला. माफीचं वाक्य त्याने मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं. मुरिएल जवळ आली.

“मुरिएल, मी गाडी हलवायला हवी होती.”

“हो,” मुरिएल म्हणाली. “हलवायला हवी होतीस.”

आणि किटली घेऊन पुढे गेली. पुढचं वाक्य सेड्रिकने केकबरोबर गिळून टाकलं.

तेवढ्यात आयव्हीचा आवाज आला, “अगं मुरिएल, टॅक्सी येत नाही म्हणतात! माझी लीड्सची आगगाडी चुकणार!”

“मी सोडतो!” सेड्रिक इतक्या जोरात म्हणाला, की आर्नल्डने सँडविच खाली ठेवलं. देवानेच संधी दिली! त्याने धावत जाऊन किल्ली आणली, चाकाचा जबडा काढला, आयव्हीची बॅग मागे ठेवली, तिच्यासाठी अदबीने दार उघडलं. निरोप द्यायला मुरिएल दारात आली, तिच्यामागे हातात बश्या घेऊन बाकीची मंडळी. सेड्रिकने गाडी सुरू केली.

एक क्षण काहीच नाही. आणि मग असा गडगडाट झाला, की जणू दगडांच्या खाणीत सुरुंगच फुटला! खिडक्या थरथरल्या. आयव्हीने बसल्या जागी डोकं झाकून घेतलं. सेड्रिकने गाडी बंद केली, खाली उतरला आणि वाकून बघितलं. डबा नव्हता. कापलेल्या नळीची दोन चकचकीत टोकं तेवढी त्याच्याकडे बघत होती.

“गेला! आपण सगळे तिकडे असताना! भोंगा बंद, गल्ली रिकामी…”

“गल्ली काही अगदी रिकामी नव्हती,” शेजारची शेरिल म्हणाली. तान्ह्या बाळाला घेऊन ती घरीच थांबली होती, आणि आता एवढासा चेहरा करून उभी होती. “मी बघितलं त्यांना. पिवळ्या जाकिटातले दोघं होते. करवतीचा आवाजही ऐकला.”

“मग ओरडली का नाहीस?”

“मला वाटलं, तो भोंगा कापून काढायला तूच माणसं बोलावलीस. इतकं बरं वाटलं मला! चांगलं काम करतायत म्हणून मी त्यांना चहा दिला. बिस्किटंही.”

मग दारातून एक विचित्र आवाज आला. मुरिएल चौकटीला धरून वाकली होती. बेरिल घाबरून तिच्याकडे धावली. पण मुरिएल रडत नव्हती. हसत होती! खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, “बिस्किटंही!” म्हणत ती पुन्हा पुन्हा हसत होती. हळूहळू सगळी गल्ली हसायला लागली. सेड्रिकला हसावं की जमिनीत गडप व्हावं कळेना. गडप व्हायची त्याची आजची हौस तशी एकदा गाडीखाली भागली होती.

स्टेशनपर्यंतचा रस्ता तो कधी विसरणार नाही. गाडीची गर्जना ऐकून लोक दुकानांतून बाहेर येत होते. कुत्री भुंकत होती. त्या आवाजात आयव्हीशी माफीची भाषा करायची, तीही ओरडून!

“मला फार लाज वाटते!”

“काय?”

“लाज! लाज वाटते मला!”

सिग्नलला थांबलेल्या सायकलवाल्याने सहानुभूतीने मान हलवली.

स्टेशनवर उतरल्यावर आयव्हीने कानांवरचे हात काढले. बॅग घेतली. मग परत वळली आणि खिडकीतून आत वाकली.

“मुरिएलने निरोप दिलाय. शनिवारी विल्फच्या अस्थी बोलिंगच्या मैदानाच्या कडेला गुलाबांत घालायच्यात. घरचीच माणसं असतील. तू पाहिजेस असं म्हणाली.”

सेड्रिकच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “येतो! सांग तिला, सगळ्यांच्या आधी हजर असेन!”

“हो, आणि आणखी एक म्हणाली.”

“काय?”

“चालत ये.”