भुताची हिस्टरी

ढवळे मामा कुठलंही भूत पकडण्याआधी त्याची चौकशी करतात. मोबाइलच्या पडद्यावर भूत थयथयाट करत असतं. बाकीचे लोक बोट फिरवून त्याला डबीत कोंडतात आणि मोकळे होतात. मामा मात्र कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून म्हणतात, "थांब बाबा. आधी हिस्टरी बगू."

हा गेम प्राणी पकडायचा आहे. त्यात आग ओकणारे, उडणारे, पाण्यातले असे शेकडो प्राणी आहेत, पण मामा घेतात फक्त भुतं. प्रत्येक भुताला एक कार्ड असतं आणि त्यावर ते भूत कसं झालं याची चार ओळींची माहिती इंग्रजीत असते. मामांचं इंग्रजी ड्रॉइंगवरच्या मापांपुरतं. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट माझी. त्यामुळे गेली दोन वर्षं चिंचवड ते चाकण मी रोज सकाळी भुतांचं भाषांतर करतो आहे. बी.एस्सी. झालो तेव्हा हा उपयोग डोळ्यासमोर नव्हता.

मामा मूळचे जालन्याकडचे, आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला. तिथेही त्यांचं तेच. एखादं ब्रॅकेट वाकडं आलं की आम्ही ते रिजेक्टच्या लाल पेटीत टाकून मोकळे होतो. मामा ते हातात घेऊन म्हणतात, "याची हिस्टरी बगा. वाकडं कुणी जन्मत न्हाई."

कार्डं मात्र भयानक असतात. एक छत्री आहे, कुणीतरी बसमध्ये विसरलेली. ती भिजणाऱ्याच्या मागे मागे जाते आणि तिची मूठ धरली की माणसाला घरचा रस्ता आठवत नाही. एक जेवणाचा डबा आहे. झाकण उघडलं की आपल्याच स्वयंपाकघराचा वास येतो आणि वास घेणारा परत कुणाला दिसत नाही. हे वाचलं त्या दुपारी कॅन्टीनमध्ये मी माझा डबा श्वास रोखून उघडला. आत कारलं होतं. घाबरण्यासारखंच, पण नेहमीचं.

मामा घाबरत नाहीत. ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हंजी इसरून ऱ्हायलंय बिचारं." मग त्याला पकडतात, काहीतरी नाव टाइप करतात आणि फोन खिशात ठेवतात. त्या भुतांना ते कधी लढायला पाठवत नाहीत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा गुन्हा समजणार नाही. मी कंपनीत फाइव्ह एस नावाच्या आवराआवरीचा प्रमुख आहे. म्हणजे नको असलेली वस्तू ओळखायची, तिला लाल टॅग लावायचा आणि मागच्या शेडमध्ये टाकायची. हे काम माझ्या अंगात इतकं भिनलं आहे की मी घरीही करतो. एकदा बायकोने माझ्या शर्टालाच लाल टॅग लावला. शर्टात मी होतो.

तर एका सकाळी कुरुळीजवळ बस ट्रॅफिकमध्ये अडकली. नवीन कार्ड वाचायला मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्यांचा डोळा लागला. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली, जागा भरत आली आहे. मी यादी उघडली. त्रेचाळीस भुतं, सगळी कमजोर, एकही लढाई न खेळलेली. नावंही विचित्र होती, अन्वर वेल्डिंग, सुरेखा पॅकिंग, गाणारा सुनील. माझ्यातला प्रमुख जागा झाला. मी सगळ्यांना निवडलं आणि 'सोडून द्या' दाबलं. प्रत्येक भूत जाताना एकदा मागे वळून बघत होतं. ती सोय मला त्या वेळी गमतीची वाटली.

मामा जागे झाले तेव्हा मी अभिमानाने म्हणालो, "मामा, पूर्ण जागा मोकळी करून दिली."

त्यांनी यादी वर सरकवली, खाली सरकवली. "बरं केलं," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवशी ते मागच्या सीटवर बसले. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मीच उठून मागे गेलो.

"मामा, माझं काय चुकलं?"

"तुमचं कामून चुकंल? कामाचं नव्हतं ते काढलं तुमी." फोन मांडीवर ठेवून म्हणाले, "ठेक्यावरली पोरं-पोरी व्हती ती, गोरे साहेब. सात म्हैने झाले की गेटपास जमा करायचा आन् निघायचं. कुठं जातेत, कुणाला ठाव न्हाई. आपला अन्वर पावसाळाभर छत्री इसरायचा, म्हणून त्याला छत्री केलं. सुरेखा समद्यांला डब्यातलं वाटायची. त्यांची हिस्टरी कोन लिवतंय?" मग अगदी हळू म्हणाले, "एकदा गेटनं काढलं. एकदा तुमी."

मला फार लाज वाटली. या त्रेचाळीस जणांना फाइव्ह एसचं ट्रेनिंग मी स्वतः दिलं होतं. एकाचाही चेहरा मला आठवेना.

मामांनी पुन्हा पकडायला सुरुवात केली. पण नावं त्यांनी दुसरीकडे कुठे लिहून ठेवली नव्हती, आणि एकतीसवर त्यांची आठवण अडली. ट्रेनिंगला हजेरी घेतात, हे मला तेव्हा सुचलं. ते जुने हजेरीपट मीच लाल टॅग लावून शेडमध्ये टाकले होते. मग चार दिवस जेवणाच्या सुट्टीत फाइव्ह एसचा प्रमुख भंगारात गुडघ्यावर बसून कागद उपसत होता. चौथ्या दिवशी प्लँट हेड पाहुण्यांना घेऊन तिथे आले. मी म्हणालो, "सर, हिस्टरी बघतोय." त्यांनी पाहुण्यांना दुसऱ्या बाजूने नेलं.

बाराही नावं सापडली. मी एकेक वाचायचो आणि मामा लगेच सांगायचे, हा चहात पाव बुडवायचा, ही हेल्मेटखाली गजरा घालायची. बस चाकणला पोचेपर्यंत आम्ही नावांना भुतं वाटून देत असायचो.

परवा मामांनी फोन पुढे केला. यादीत चव्वेचाळीस भुतं होती. शेवटचं भूत म्हणजे एक पायपुसणं. घर पाडलं, दार गेलं, तरी ते उंबऱ्याच्या जागी पडून वाट बघतं, असं कार्डावर होतं. त्याला नाव नव्हतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"मार्चला रिटायर हुतोय ना मी," मामा म्हणाले. "गेटपास जमा करावा लागंल. पर सवताचं नाव सवता टाकाया कसंतरीच वाटतंय. तुमी टाका."

मी 'ढवळे मामा' असं टाइप केलं. दोनदा अक्षरं चुकली, आणि त्या वेळी बस उभी होती, त्यामुळे रस्त्याला दोष देता येत नाही.

मामांनी नाव नीट वाचलं. मग चष्मा वर सरकवून विचारलं, "आन् हिस्टरी?"

गेममध्ये नाव टाकायला जागा आहे, हिस्टरी लिहायला नाही. म्हणून ती इथे लिहिली.