उतारवाले अण्णा

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा अण्णांनी पाण्याच्या तांब्याला हात लावण्याआधी खिशातून काचेची एक गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग सावकाश निघाली आणि थेट देवघराच्या पाटाला जाऊन टेकली. अण्णांनी मान हलवली. "वहिनी, न्हाणी तुंबली तर आधी देवाला आंघोळ व्हणार बगा."

बायकोनं मला आत बोलावून विचारलं, हे कोण गृहस्थ? त्याच महिन्यात न्हाणी तुंबली आणि देवांना खरोखर आंघोळ झाली. तेव्हापासून आमच्याकडे अण्णांना एका भेटीत दोनदा चहा मिळतो.

अण्णा म्हणजे गुंडाप्पा बिराजदार, मूळचे उदगीरचे, पासष्टीला टेकलेले. लातुरात रस्त्यांचे नकाशे करून देणारं आमचं एक लहानसं ऑफिस आहे. तिथे ते लेव्हल तपासतात, म्हणजे रस्ता कुठे किती उंच आणि पाणी कुठल्या बाजूला जाणार ते बघतात. मी तिथेच अहवाल लिहितो, आणि मूळचा नांदेडचा असल्यामुळे विभागीय आयुक्तालय लातूरला व्हावं की नांदेडला यावरून जेवणाच्या सुट्टीत लातूरकरांची बोलणी खातो. अण्णा या वादात पडत नाहीत. त्यांच्या मते दोन्ही शहरांतल्या नाल्या सारख्याच उलट्या आहेत.

पुतणीचं स्थळ बघायला गेले तेव्हाही गोटी बरोबर होतीच. मुलाचा पगार, शिक्षण, शेती बाकीच्यांनी विचारून घेतली. अण्णांनी पोह्यांची बशी बाजूला सारून गोटी सोडली. ती बैठकीतून घरंगळत नवऱ्या मुलाच्या आईच्या पायापाशी गेली. अण्णा म्हणाले, "पोरगं लई चांगलं हाय. खालची फरशी नीट करून घ्या, मंग तारीख धरू." आणि गंमत म्हणजे त्या लोकांनी फरशी उखडून पुन्हा बसवली. आज पुतणीच्या घरात पाणी मोरीकडेच जातं आणि संसारही बरा चाललाय, असं अण्णा सांगतात, याच क्रमाने.

ऑफिसात ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. माउसला 'उंदीर' म्हणतात आणि त्याच्यापासून हातभर लांब राहतात. पण सॉफ्टवेअरमध्ये रस्ता बिघडला की पोरं त्यांनाच हाक मारतात. अण्णा हात मागे बांधून खुर्चीमागे उभे राहतात, स्क्रीनवरच्या लेव्हली कानडीत पुटपुटतात आणि एखाद्या जागी बोट रोखून म्हणतात, "हितं दुखायलंय."

आमच्याकडे निकहत नावाची इंजिनिअर मुलगी आहे, हुशार आणि भरभर काम करणारी. नवीन होती तेव्हा तिने केलेला औशाकडचा एक रस्ता स्क्रीनवर मध्येच सरळ खाली कोसळला आणि परत वर आला. तिने उतार बदलले, वळणं बदलली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. रस्ता काही सरळ होईना. अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"बाई, औशाला समुद्र कधी आला?"

सर्व्हेवाल्यांनी एका बिंदूची उंची भरलीच नव्हती. सॉफ्टवेअरने ती शून्य धरली, आणि सहाशे मीटर उंचीवरचा बिचारा रस्ता समुद्रसपाटीला जाऊन आला होता. तेव्हा अण्णांनी तिला शिकवलं, "एकलाच पॉइंट खाली दिसला की त्याच्यावर शक घ्यायचा." निकहतने ते वहीत लिहून घेतलं. मुलगी आज्ञाधारक आहे, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे औशाच्या पुढच्या एका गावातून जाणारा रस्ता आला. जुन्या डांबरावर सिमेंटचा नवा रस्ता व्हायचा होता. निकहतने तो इतका सुरेख बसवला की साहेबांनी नकाशा भिंतीला लावून सगळ्यांना दाखवला. कुठे धक्का नाही, कुठे खड्डा नाही. दुसऱ्या दिवशी कागद जायचे होते, फक्त अण्णांची सही राहिली होती.

अण्णांचं बोट त्या रेघेवरून गावापर्यंत आलं आणि थांबलं. "हितला खड्डा कुठं गेला?"

"एरर होता अण्णा," निकहत म्हणाली. "रस्त्याच्या कडेचा एकच पॉइंट दीड फूट खाली येत होता. तुम्हीच सांगितलं होतं ना, शक घ्यायचा. डिलीट केला आणि उतार एकदम सरळ आला."

अण्णांना रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तो एरर न्हाई. तिथं माणूस राहतंय."

साहेबांनी समजावलं, सर्व्हेवाल्यांची उंची मोजायची पट्टी एखाद्या चरात टेकली असेल. अण्णांनी पेनाला टोपण लावलं. "मंग माझी सही न्हाई." आमच्या ऑफिसच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. साहेबांनी एक दिवस दिला आणि सकाळी निकहत, मी आणि अण्णा जीपने निघालो.

गावात शिरल्यावर अण्णांनी कुणाला पत्ता विचारला नाही. एका बसक्या घरापुढे जीप थांबवली. रस्ता घराच्या उंबऱ्यापेक्षा चांगला दीड फूट वर होता. दारात जायला तीन पायऱ्या उतराव्या लागत. आत एक म्हातारी सुपात तूर निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"गुंडू, यंदा लवकर आलास? आजून ढगबी न्हाईत."

"काम हाय आक्का," अण्णा म्हणाले, आणि निकहतला घेऊन उंबऱ्याची लेव्हल घ्यायला बाहेर गेले. मी आत टेकलो. घरातली ट्रंक विटांवर, धान्याची कोठी विटांवर, खाटेच्या पायांखालीही विटा. मी विचारलं, अण्णा तुमचे कोण? आक्का हसल्या.

"कोन न्हाई. रस्ता पहिल्यांदा झाला तवा ह्यो पोरसवदा व्हता, उंची लिहून घेयाचा. आकडा चुकला ह्याचा, आन रस्ता माझ्या दाराच्या वर गेला. साहेब आला न्हाई, ठेकेदार आला न्हाई. ह्योच आला आन म्हनला, आक्का, चूक माझी हाय. तवापासून दर पावसाळ्याला येतंय. दाराला माती लावतंय, पोती लावतंय, आत आलेलं पानी उपसतंय. बायकू व्हती तवर दोघं यायची."

मधल्या वर्षांत रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले होते आणि घर तेवढं खाली जात राहिलं होतं. आता वरून सिमेंट पडलं असतं तर पोत्यांनीही काही झालं नसतं. मला स्वतःची लाज वाटली. दारोदारच्या फरश्या तपासणाऱ्या या माणसाला आम्ही इतकी वर्षं हसलो, आणि हे वेड त्याला कुठून लागलं ते एकदाही विचारलं नाही.

बाहेर लिंबाखाली निकहत लॅपटॉप मांडून बसली होती. तिने काढून टाकलेला बिंदू परत घातला, तसा तिचा देखणा रस्ता कुबडा झाला. मग दोघांची दुपारपर्यंत झटापट चालली. डांबराचे जुने थर काढायचे, गावातला रस्ता दोन फूट खाली घ्यायचा, पलीकडच्या कडेने नाली काढायची आणि सगळं पाणी ओढ्याला न्यायचं. साहेबांना फोन झाला. ते आधी ओरडले, मग ऐकत राहिले आणि शेवटी "करा" म्हणाले. अण्णांनी आकडे तीनदा वाचून घेतले. उंबरा रस्त्याच्या अर्धा फूट वर आला होता. मग आकडे उतरवलेल्या कागदावर त्यांनी सही केली.

ते आत येऊन आक्कांसमोर उकिडवे बसले. "आक्का, रस्ता खाली जानार. आता घरात पानी येनार न्हाई."

आक्कांचा हात सुपात थांबला. "आजाबात?"

"आजाबात."

"मंग तू कशाला येशील?"

अण्णांची बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. लातुरात त्यांची वाट बघणारं कुणी नाही हे मला ठाऊक होतं. इथे कुणीतरी दर वर्षी ढगांकडे बघत त्यांची वाट पाहतं, हे ठाऊक नव्हतं. निकहत दारातच उभी राहिली.

"पानी आलं न्हाई, हे बगाया यावं लागंल की," अण्णा म्हणाले.

"किती दिस?"

"दोन दिस. पाऊस लांबला तर चार."

"चार धर," आक्का म्हणाल्या, आणि सूप बाजूला ठेवून भाकरी टाकायला उठल्या.