हजारावं बटण

गावातल्याच लुएला क्रांट्झचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि माझं उत्तर गेलेलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही हं! सतरा वेळा लिहिलं. सोळा वेळा फाडलं आणि एकदा चुकून ग्रंथालयाच्या पुस्तकात ठेवून परत केलं.

पत्र तसं साधंच. 'आजीची बटणांची माळ सापडली. मोजली, नऊशे नव्याण्णव भरली. तुमच्याकडे एखादं जास्तीचं बटण असेल तर पाठवाल का? सहजच विचारते.'

सहजच! आमच्या मस्कटीन गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की मुली अशी माळ जमवायच्या आणि हजारावं बटण जो आणेल, तोच नवरा!

शेवटी ठरवलं. चाळीस वर्षं ग्रंथपाल होतो मी! जुन्या बटणांच्या दागिन्यांवरची सहा पुस्तकं वाचली, दोन तर टिपा काढून. एक बटण काय पाठवायचं, अख्खा हारच करू! त्याला लागतं काय? पक्कड, गोंद आणि रसिकता. तिन्ही माझ्याकडे होती. (गोंद नंतर आणला.)

आईचा बटणांचा डबा उघडला. काचेची, पितळेची, एकाहून एक सुंदर बटणं! फक्त प्रत्येकाच्या पाठीवर ओवायची कडी होती, त्यामुळे ती हाराच्या कापडी पट्टीवर सपाट बसेनात. मी पक्कड घेतली आणि कटाकट चाळीस कड्या उडवल्या. मग गोंदाने चिकटवली, सपाट म्हणजे कशी, धिरड्यासारखी!

तेवढ्यात माझी धाकटी बहीण हिल्डा आली. ती जुनी बटणं जमवणाऱ्यांच्या मंडळाची सचिव. टेबल पाहून तिने भिंतीचा आधार घेतला.

"दादा! कड्या कापल्यास?"

"सपाट बसायला हवीत ना!"

"अरे, शंभर वर्षं टिकली होती ती! आणि लुएलाने मागितलं किती? एक! तू चाळीस पाठवणार? तिला नवरे किती करायचेत?"

मी लाजलो.

"आणि आता यातलं एक तरी तिच्या माळेत ओवता येईल का? कड्या कुठायत?"

कड्या केराच्या टोपलीत होत्या. हे सहाही पुस्तकांत नव्हतं. निदान पाचांत तरी.

"हे एक राहिलंय बघ!" मी घाईघाईने डब्याच्या तळाचं पिवळसर बटण उचललं. "हस्तिदंती असणार! थांब, परीक्षाच करतो."

परीक्षा पुस्तकातलीच. सुई तापवायची आणि बटणाला टेकवायची.

"दादा, नको! ते सेल्युलॉइड—"

भप्पकन पेटलं ते! मी दचकून फेकलं, ते थेट हारावर. हार पेटला, टेबलक्लॉथ पेटला, सतरावा मसुदा आठवून लिहिलेला अठरावा मसुदाही पेटला! हिल्डाने कॉफीची अख्खी किटली ओतली तेव्हा कुठे विझलं. समोर राहिला तो जळक्या पुडिंगसारखा गोळा.

"संपलं," मी म्हणालो. "देवालाच मंजूर नाही."

"देवाला कशाला मध्ये आणतोस? हे काय आहे?" हिल्डाने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

पँटचं बटण! नदीतल्या शिंपल्याचं, बाबांनी गावच्या बटणांच्या कारखान्यात स्वतः कापलेलं. पँट बदलली की दरवेळी मी ते नवीवर शिवून घेतो.

"हे? जुनं आहे गं..."

"तूही आहेस. काढ!"

तिने ते कात्रीने कापलंच. पाकिटात घातलं, माझ्याकडून एकच ओळ लिहून घेतली, 'हे चालेल का? ऑर्विल', आणि मला दाराबाहेर ढकललं. पट्टा लावायलाही वेळ दिला नाही!

म्हणून मी टपालपेटीपाशी उभा होतो तो असा: एका हातात पत्र, दुसऱ्या हातात पँट. पत्र फटीत अर्धं घातलं आणि धीर सुटला. 'चालेल का' कसलं? एकोणिसावा मसुदा करू. पत्र बाहेर ओढणार, एवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला.

"अहो ऑर्विल! ओळख विसरलात की काय?"

लुएला! चांगली हात हलवत होती. बाईमाणूस हात हलवतंय म्हटल्यावर आपणही हलवायला नको का? पण कुठला? दोन्ही कामात!

मी क्षणभर विचार केला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा विचार. आणि पत्र सोडलं.