ठिपकीचा इलाज

झाड सांभाळणं म्हणजे काय मोठं शास्त्र आहे हो? मी एकतीस वर्षं कापड गिरणीत चेकर होतो. टेबलावरून कापड सरकत जायचं, आणि राईएवढा डाग असला तरी माझं बोट बरोब्बर त्यावर! खडूची फुली, माल बाद! अशा माणसाला एक झुडूप सांभाळता येणार नाही?

झालं असं, मुलीला बाळ झालं म्हणून बायको दोन महिने तिच्याकडे निघाली. गाडी खाली येऊन उभी, आणि ही गॅलरीत ठिपकीपाशी! ठिपकी म्हणजे कमरेएवढं झुडूप. बाराही महिने पानं, आणि पानापानावर पिवळसर शिंतोडे. हिच्या वडिलांनी हिला लहानपणी आणून दिलेलं. वडील गेले, त्यांचं घर विकलं गेलं, उरली ती ही ठिपकी.

"दिवसाआड पाणी. दर रविवारी ओल्या फडक्यानं पानं पुसायची. आणि अहो, बाकी काही म्हणजे काहीही करायचं नाही!"

"अगं, माझ्यावर विश्वास नाही का?"

"म्हणून तर सांगतेय!"

पहिल्याच आठवड्यात बुंध्याशी एक कोंब आला. कोरा करकरीत हिरवा! नावालासुद्धा शिंतोडा नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे इतकी वर्षं हे झाड आजारी होतं, आणि आम्ही वेड्यासारखी त्याची पानं पुसत बसलो होतो!

लागलो कामाला. खत घातलं, माती मोकळी केली. कोंब असा सुटला की बघत राहावं. त्याला ऊन मिळावं म्हणून मी कात्री काढली. डाग दिसला, फांदी बाद! महिन्याभरात ठिपक्यांची एकही फांदी ठेवली नाही. शेवटच्या पाच टोपलीत टाकणार, तेवढ्यात शेजारच्या नर्सबाईंनी हात पुढे केला.

"फेकताय कशाला? द्या इकडे, बाटलीत छान दिसतील."

"रोगट आहेत हं! तुमच्या घरातल्या झाडांना लागेल."

"मी जन्मभर रोग्यांमध्येच वावरलेय," त्या म्हणाल्या आणि फांद्या घेऊन गेल्या.

बायकोचा फोन यायचा. "ठिपकी कशी आहे?"

"ओळखणार नाहीस!"

"अहो, नीट सांगा. जिवंत आहे ना?"

"जिवंत? अगं, फोफावलीय नुसती!"

"बाबांचं तेवढंच राहिलंय हो माझ्याकडे," ती म्हणाली. मी आपला इकडे छाती फुगवून उभा.

ती यायच्या तीन दिवस आधी मी ठिपक्यांच्या झाडासाठी म्हणून मोठी कुंडी मागवली. रोपवाटिकेतली बाई ती घेऊन आली आणि गॅलरीभर बघत राहिली. "ठिपक्यांचं झाड कुठंय?"

"हेच! बरं केलं मी त्याला."

बाई कुंडी पालथी घालून तिच्यावरच बसली. "काका, असा हिरवा कोंब आला की तो पहिल्यांदा काढायचा असतो. तो दांडगट. ठिपक्यांचं पान नाजूक, हळूहळू वाढणारं. तुम्ही घुसखोराला जेवू घातलंत आणि घरमालकाला हाकलून दिलंत!"

"मग आता ह्याला ठिपके?"

"कुठले यायला!"

त्या फांद्या! धावत नर्सबाईंकडे गेलो, तर दाराला कुलूप. भावाकडे गेलेल्या, सोमवारी येणार. खिडकीच्या काचेतून बाटली दिसत होती. निम्म्या फांद्यांनी माना टाकलेल्या. आणि बायको येणार रविवारी!

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माळ्यावर भिंतीचा उरलेला फिकट पिवळा रंग होता. बारीक ब्रश घेतला आणि दोन दिवस पानांवर ठिपके देत बसलो. त्यातही सवय जाईना! तीन ठिपके एका ओळीत आले की मीच माझं पान बाद करायचो.

रविवारी ती आली. चप्पल काढली, बाळाचे फोटो दाखवले, आणि म्हणाली, "रविवार आहे ना? पानं पुसते." मला सुचेपर्यंत ओलं फडकं पहिल्या पानावरून फिरलंही होतं. पान हिरवंगार, फडकं पिवळं.

मग मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली.

"शाळेत मला चिडवायचे," ती म्हणाली. "उन्हाळ्यातसुद्धा मी लांब बाह्यांचं घालायचे. तेव्हा बाबा ही ठिपकी घेऊन आले. म्हणाले, साध्या हिरव्यांकडे कुणी वळून बघत नाही, हिच्यासाठी दुकानदाराशी तासभर भांडलोय. दुसऱ्या दिवशी मी आखूड बाह्यांत शाळेत गेले." तिनं मान वर केली. "तुमच्या टेबलावर मी आले असते तर मलाही फुली मारली असतीत ना?"

"तुला? कशाला?"

तिनं डावा हात माझ्यापुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा चट्टा. मी काही हे तुमच्यापासून लपवलं नव्हतं हो. सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

"अगं, हा काय डाग आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण ओठ हलायला लागले. "एकतीस वर्षं पगार कसला घेत होतात हो?"

सोमवारी नर्सबाई कुलूप काढायच्या आत आम्ही दोघं दारात हजर. पाचांतल्या चार फांद्या कुजल्या होत्या. पाचवीला पाण्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटली होती. बायकोनं ती बाटली दोन्ही हातांनी धरून घरी आणली. मला जिन्यात धरायलासुद्धा दिली नाही.

आता ठिपकीला सहा पानं आहेत. कुंडीत एक पाटी खोचलीय, त्याच पिवळ्या रंगानं बायकोनं स्वतः लिहिलेली: 'यांनी फक्त पाणी घालावं.' पाटीच्या कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ आलाय. भलामोठा! दर वेळी पाणी घालताना दिसतो मला.

पण मी काही बोलत नाही.